एकच यंत्र, दोन नावे : हायब्रिड गाडी घेण्यापूर्वीचा हिशेब

धानाच्या हंगामात गोंदियाचा व्यापारी पेढीवर कमी आणि रस्त्यावर अधिक असतो. आज तिरोडा, उद्या आमगाव, मध्येच नागपूर. शिवाय कुटुंबासह रामटेक वा डोंगरगडची यात्रा. पेट्रोलचा खर्च वाढला की घरात हायब्रिड गाडीचा विषय निघतो आणि दोन नावे पुढे येतात : मारुती सुझुकीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर.

या दोन्ही गाड्या 2022 साली बाजारात आल्या. त्यांची निर्मिती कर्नाटकातील बिडदी येथील टोयोटाच्या कारखान्यात सुरू झाली. दोहोंच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकारात तेच दीड लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन, तीच विद्युत मोटर आणि प्रतिलिटर 27.97 किलोमीटरचा तोच दावा आहे. हायब्रिड बॅटरीची हमीही दोन्हीकडे 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर. फरक बाह्य रूपाचा, अंतर्गत सजावटीचा आणि विक्रीपश्चात सेवेचा. म्हणून ‘कोणती चांगली?’ यापेक्षा ‘हायब्रिड आपल्याला परवडते का?’ हा प्रश्न आधी सोडवावा.

नावातील गफलत

दोन्ही गाड्यांच्या स्वस्त प्रकारांनाही हायब्रिड म्हटले जाते; परंतु ते ‘माइल्ड’ असतात. त्यांत मोटर इंजिनाला केवळ हातभार लावते. स्ट्राँग हायब्रिड गाडी मंद गतीत निव्वळ विजेवर धावते आणि ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठवते. तिला बाहेरून चार्ज करावे लागत नाही. साहजिकच तिचा खरा लाभ बाजारपेठेतील थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत मिळतो. महामार्गावरील एकसारख्या वेगात तो कमी होतो.

वहीतील आकडे

माइल्ड गाडीचा दावा सुमारे 21 किलोमीटरचा, म्हणजे प्रमाण चारास तीन. प्रत्यक्षात 20 आणि 15 धरू. वर्षाला 15,000 किलोमीटर धावल्यास 250 लिटर पेट्रोल वाचेल. लिटरला 105 रुपये धरल्यास 26,250 रुपये. दोन प्रकारांच्या किमतीत तीन लाखांचे अंतर असेल, तर ते भरून निघण्यास अकरा वर्षांहून अधिक काळ लागेल. धाव 40,000 किलोमीटर असेल, तर वार्षिक बचत सुमारे 70,000 रुपये होते आणि हेच अंतर साडेचार वर्षांच्या आत फिटते. थोडक्यात, अधिक फिरणाऱ्यासच हायब्रिड लाभते.

करांचाही विचार हवा. 22 सप्टेंबर 2025 पासून या आकाराच्या गाड्यांवर 40 टक्के जीएसटी आहे. हायब्रिड म्हणून सवलत नाही. पेढीच्या नावे घेतली, तरी सामान्य व्यापाऱ्यास त्याचा इनपुट क्रेडिट मिळत नाही.

निवड करताना

हायब्रिडच घ्यायची ठरल्यास तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, दुरुस्तीची सोय : मारुतीचे सेवाजाळे देशात सर्वांत विस्तृत आहे, तथापि जवळच्या केंद्रात हायब्रिड प्रणालीचा प्रशिक्षित कारागीर आहे का, हे देवरी वा अर्जुनी मोरगावच्या ग्राहकाने अवश्य विचारावे. दुसरी, सामानाची जागा : बॅटरीमुळे डिकी लहान होते, घरच्या बॅगा नेऊन ठेवून पाहाव्यात. तिसरी, विमा व नोंदणीसह दोन्हीकडील अंतिम किंमत लेखी घ्यावी.

यंत्र एकच असल्याने, ज्या दुकानदाराचा भाव व सेवा सरस, त्याची गाडी घ्यावी.