दिव्यावर जेवणारा शिंपला

टाकीत मासा पाळला, की त्याला रोज चिमूटभर खाणं टाकावं लागतं. पण असा एखादा प्राणी सांगा बरं, ज्याला घरी आणायचं ठरलं की लोक आधी दिव्याची चौकशी करतात! नाही सुचत? तो आहे महाकाय शिंपला. शास्त्रज्ञ त्याला ट्रायडॅक्ना म्हणतात.

शिंपले तुमच्या ओळखीचे आहेतच. कोकणातल्या खाड्यांमध्ये वाळूत दडून बसणाऱ्या तिसऱ्या तुम्ही पाहिल्या असतील, खाल्ल्याही असतील. तिसरी एका नळीतून पाणी आत ओढते, त्यातले सूक्ष्म जीव गाळून खाते आणि उरलेलं पाणी दुसऱ्या नळीतून बाहेर सोडते. तिला उजेडाशी काही देणंघेणं नसतं. ट्रायडॅक्नालाही पाणी गाळून खाता येतं, पण तेवढ्यावर त्याचं भागत नाही. हा पठ्ठ्या राहतो प्रवाळांच्या उथळ पाण्यात. तिथलं पाणी इतकं नितळ, की त्यात खायला फारसं काही नसतं. ऊन मात्र मुबलक! मग त्यानं उन्हावरच पोट भरायची सोय केली.

ती कशी? शिंपला उघडला की आतून मऊ, रंगीत पडदा बाहेर पसरतो. त्याला प्रावरण म्हणतात. या प्रावरणात कोट्यवधी एकपेशीय शैवालं राहतात. ती उजेडात साखर तयार करतात आणि त्यातली बरीचशी शिंपल्याला देतात. शिंपला त्यांना राहायला जागा देतो, शिवाय त्याच्या शरीरातून निघणारा अमोनिया त्यांना खत म्हणून मिळतो. १९२८-२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एक ब्रिटिश मोहीम गेली होती. तिचे प्रमुख मॉरिस याँग यांनी ही भागीदारी बारकाईनं अभ्यासली.

आता कळलं ना दिव्याचं महत्त्व? टाकीतल्या ट्रायडॅक्नाची चूल छताला टांगलेली असते!

मग खोलीतला ट्यूबलाइट चालेल का? मुळीच नाही. वनस्पती आणि शैवालांच्या उपयोगाचा प्रकाश मोजायला ‘पार’ नावाचं माप आहे. एका सेकंदात, एका चौरस मीटरवर, प्रकाशाचे किती कण पडतात ते त्यात मोजतात. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर पार साधारण २००० असतो. चांगला उजेड असलेल्या खोलीत टेबलावर मोजाल, तर १० सुद्धा भरणार नाही! आपल्याला खोली लख्ख वाटते, कारण आपले डोळे कमी उजेडातही काम भागवतात. शैवालाला तसं जमत नाही.

दुसरी गंमत रंगाची. समुद्राचं पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच शोषून घेतं. निळा मात्र खूप खोल जातो. त्यामुळे शिंपल्यातली शैवालं निळा प्रकाश वापरण्यात पटाईत असतात. म्हणून या टाक्यांवर निळसर एलईडी दिवे लावतात. आपले डोळे हिरव्या रंगाला सगळ्यात जास्त दाद देतात, त्यामुळे निळा दिवा आपल्याला मंद वाटतो. आपल्या डोळ्यांच्या अंदाजावर विसंबलो, तर शिंपला उपाशी! म्हणून जाणकार मंडळी पार मोजायचं यंत्र पाण्यात बुडवून खात्री करतात.

किती प्रकाश लागेल, ते जातीवर ठरतं. क्रोसिया आणि मॅक्झिमा या जाती उन्हाच्या भारी लोभी. त्यांना २०० ते ४०० पार लागतो, म्हणून त्यांना दिव्याजवळ, उंच खडकावर बसवतात. डेरासा आणि स्क्वामोसा १०० ते २०० वर भागवतात, त्यामुळे त्यांना तळाशी वाळूत जागा चालते. मात्र नव्या शिंपल्यावर पहिल्याच दिवशी झगझगीत दिवा सोडायचा नाही. एकदम जास्त प्रकाश पडला तर शैवालं निघून जातात आणि शिंपला पांढरा पडतो. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू प्रकाश वाढवायचा. दिवा रोज दहाएक तास पुरे, रात्री अंधार हवाच. प्रवाळांच्या प्रदेशात वर्षभर दिवस साधारण बारा तासांचाच असतो.

या प्राण्याकडे प्रकाश वाटून घेण्याची एक खास कलाही आहे. त्याच्या प्रावरणातले निळे-हिरवे चमकदार ठिपके नुसते शोभेचे नाहीत. अमेरिकी शास्त्रज्ञ अॅलिसन स्वीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं, की या चमकदार पेशी वरून आलेला प्रकाश आत आणि बाजूला पसरवतात. शैवालं तिथे उभ्या रांगांमध्ये रचलेली असतात. वरच्यांना चटका बसत नाही आणि खालच्यांनाही वाटा मिळतो.

दिवा झाला. आता टाकी. ती मोठी का हवी? चला, थोडं गणित करू. ९० सेंटीमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच टाकी घ्या. लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून १००० नं भागा. आले १८२ लिटर. खडक आणि वाळूची जागा वजा केली, तर पाणी धरू १५० लिटर. शेजारी ४० लिटर पाण्याची छोटी टाकी ठेवा. दोन्हींतून १-१ लिटर पाणी वाफ होऊन उडालं. मीठ काही उडत नाही! सुरुवातीला लिटरला ३५ ग्रॅम मीठ असेल, तर मोठ्या टाकीत ते ३५.२ होईल, छोटीत जवळपास ३६. छोटीतला बदल चौपट झाला की नाही?

कॅल्शियमचंही तसंच. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं आणि शिंपला त्यासाठी पाण्यातून रोज कॅल्शियम घेत राहतो. लिटरला ४२० मिलिग्रॅम धरलं, तर १५० लिटरमध्ये ६३ ग्रॅम कॅल्शियम असतं आणि ४० लिटरमध्ये जेमतेम १७. छोट्या टाकीतला साठा पटकन खालावतो.

शिवाय आज इवलासा दिसणारा शिंपला उद्या केवढा होणार, हेही पाहायला हवं. क्रोसिया १५ सेंटीमीटरपर्यंत वाढतो, मॅक्झिमा ३० च्या पुढे, डेरासा तर ६० पर्यंत. म्हणजे आपल्या ४५ सेंटीमीटर रुंद टाकीत तो आडवा मावणारच नाही! सगळ्यात मोठा जायगास मीटरपट्टीलाही मागे टाकतो आणि २०० किलोहून जड होतो. त्याला सार्वजनिक मत्स्यालयातच जागा मिळते. टाकी फार खोल असूनही उपयोग नाही, कारण खाली जाताना प्रकाश कमी होतो. म्हणून पसरट टाकी बरी.

सोबती माशांचाही विचार करायला हवा. ट्रायडॅक्नाच्या प्रावरणाच्या कडेला शेकडो बारीक डोळे असतात. सावली हलली की तो कवच मिटून घेतो. फुलपाखरू मासे प्रावरणाला टोचे मारतात. ते टाकीत असले, तर शिंपला सारखा मिटलेला राहील आणि मिटला की प्रकाश बंद, म्हणजे जेवण बंद!

परदेशात हौशी लोक हे शिंपले पाळतात. पॅसिफिकमधल्या पलाऊसारख्या देशात त्यांची पैदास केंद्रंही आहेत. आपल्याकडे मात्र लक्षद्वीप आणि अंदमानच्या समुद्रातले मॅक्झिमा आणि स्क्वामोसा वन्यजीव संरक्षण कायद्यानं वाघाच्याच पंगतीला, पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांना पकडणं किंवा विकणं गुन्हा आहे.

म्हणून दोस्तांनो, टाकीचं गणित वहीत करा, आणि कधी लक्षद्वीपला गेलात तर ट्रायडॅक्ना त्याच्याच समुद्रात पाहा. हात लावू नका, पाय देऊ नका, आणि तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका. त्याची जेवणाची वेळ असते!