चिन्नोरचे नाव आणि चिन्नोरचा दाणा

वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनी भागात धान हेच मुख्य पीक होय. भंडारा जिल्ह्याच्या धानांत चिन्नोर हा जुना, बारीक दाण्याचा व सुवासिक वाण विशेष मान पावलेला आहे. त्याचे पीक उंच वाढते, उशिरा निसवते, वारापावसाने लोळते आणि सुधारित वाणांच्या मानाने उतारा कमी देते. तरीही शेतकरी तो लावतो, कारण वास व चव यांमुळे त्यास चढा भाव मिळतो. उताऱ्यातील तूट अशा रीतीने नावावर भरून निघते. ज्या दिवशी ‘चिन्नोर’ या नावाने कोणताही बारीक तांदूळ खपू लागेल, त्या दिवशी ही भरपाई बंद पडेल.

नाव कसे हरवते?

या बाबतीत नेदरलँड्स देशाचा अनुभव बोधप्रद आहे. तेथील गौडा या गावाच्या बाजारामुळे एका चीजला, म्हणजे दूध विरजवून, दाबून व मुरवून केलेल्या पदार्थाला, ‘गौडा’ हे नाव मिळाले. पुढे ती कृती अनेक देशांत पसरली व नावही तिच्याबरोबर गेले. 1966 च्या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात ‘गौडा’ हे चीजच्या एका प्रकाराचे सामान्य नाव ठरले. ते कोणत्याही देशात तयार करता येते. डच उत्पादकांना ते नाव एकट्यासाठी राखता आले नाही. अखेर 2010 साली युरोपीय संघात ‘गौडा हॉलंड’ या जोडनावास संरक्षण मिळाले. हे नाव लावण्यास दूध डच गाईंचे असावे लागते व चीज त्याच देशात मुरवावे लागते.

जे नाव सर्वांचे झाले, ते मूळ उत्पादकाचे राहत नाही. म्हणून नाव वेळीच राखले पाहिजे.

कायद्याने काय मिळते?

आपल्या देशात 1999 साली भौगोलिक मानांकनाचा कायदा संमत झाला व 15 सप्टेंबर 2003 पासून तो अमलात आला. नोंदणीचे कार्यालय चेन्नई येथे आहे. ‘भंडारा चिन्नोर’ या तांदळास हे मानांकन मिळालेले आहे. शेजारच्या मध्य प्रदेशातील बालाघाटच्या चिन्नोरलाही 2021 साली ते मिळाले. यास्तव पोत्यावर नुसते ‘चिन्नोर’ न लिहिता ‘भंडारा चिन्नोर’ असे पूर्ण नाव लिहिणे अगत्याचे आहे.

मानांकन एका व्यक्तीच्या मालकीचे नसते. ते त्या क्षेत्रातील उत्पादकांसाठी असते. मात्र त्याचा रीतसर लाभ घेण्यासाठी प्रत्येक शेतकऱ्याने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपले नाव नोंदविले पाहिजे. या अर्जाचे शुल्क पूर्वी 500 रुपये होते; 2020 साली ते 10 रुपये करण्यात आले. आपले गाव नोंदलेल्या क्षेत्रात येते किंवा नाही, हे प्रथम पाहावे. मानांकनाची नोंद 10 वर्षांची असून तिचे नूतनीकरण करावे लागते.

दाणा शुद्ध तर नाव शुद्ध

पवनीलगतच्या भिवापूर तालुक्याच्या मिरचीलाही मानांकन मिळाले आहे. परंतु संकरित वाणांच्या प्रसारामुळे त्या मूळ मिरचीचे क्षेत्र फार घटले. शुद्ध बियाणे व पीकच राहिले नाही, तर नोंदीचा कागद काय कामाचा? याकरिता शेतकऱ्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

1. बियाणे खात्रीचे घ्यावे. आदल्या वर्षी दुसरा वाण लावलेल्या बांधीत सांडलेल्या दाण्यांची रोपे उगवतात. अशी बांधी बियाण्यासाठी निवडू नये.

2. बियाण्याच्या बांधीभोवती दुसऱ्या धानापासून निदान 3 मीटर अंतर सोडावे.

3. निसवण्याच्या वेळी व कापणीपूर्वी बांधीत फिरून उंची, लोंबी व दाणा यांत वेगळी दिसणारी झाडे मुळासकट उपटावीत.

4. नत्रखत बेताने द्यावे. अधिक दिल्यास पीक लोळते.

5. मळणीपूर्वी खळे व यंत्र झाडून घ्यावे. पोती उलटी करून झटकावीत. गिरणीत पहिला निघालेला थोडा तांदूळ वेगळा ठेवावा, कारण त्यात आधीच्या धानाचे दाणे असतात.

6. प्रत्येक पोत्यावर पूर्ण नाव, गाव, हंगाम व उत्पादकाची नोंद लिहावी.

दुसरा तांदूळ मिसळून चिन्नोरचे वजन वाढविणारा शेतकरी एका हंगामापुरता नफा मिळवितो, परंतु फसलेले गिऱ्हाईक पुढील वर्षी सर्व गावाचाच माल नाकारते. परक्याच्या भेसळीविरुद्ध कायद्याचा आधार घेता येतो. घरच्या भेसळीवर मात्र गावानेच नजर ठेवली पाहिजे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी पऱ्हे टाकण्यापूर्वी गावोगाव चिन्नोर उत्पादकांची यादी करावी, नोंद न झालेल्यांचे अर्ज भरून घ्यावेत आणि प्रत्येक गावात निदान एक बांधी शुद्ध बियाण्यासाठी राखून ठेवण्यास शेतकऱ्यांना प्रवृत्त करावे.