मोडकळीस आलेल्या घरांची तक्रार

पणजीतील मळा, फोंताइन्हास यांसारख्या जुन्या वस्त्यांत वारसांची वाटणी न झाल्याने काही घरे बंद राहतात. कौले निसटली की पावसाचे पाणी भिंतीत मुरते. एखाद्या पावसाळ्यात ती कोसळून वाटसरूच्या जिवावर बेतू शकते. मालक ठाऊक नसला तरी तक्रार करता येते. पणजीत महानगरपालिकेकडे, अन्य शहरांत नगरपालिकेकडे, तर खेड्यात पंचायतीकडे ठिकाण, घर क्रमांक व धोक्याचे स्वरूप लिहून अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. मालकाच्या लेखी परवानगीविना भिंतींवर मजकूर रंगविणे १९८८ च्या गोवा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्यान्वये निषिद्ध असून त्याचीही तक्रार करावी. उत्तर न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्जावर झालेली कार्यवाही विचारता येते. अर्ज मात्र पावसाळ्यापूर्वी द्यावा.