रायफलीची निवड : अंतर्व्यास व नळीची लांबी

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले. अशा यशानंतर ग्रामीण विद्यार्थ्यांना नेमबाजीची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. मात्र रायफल निवडताना, गोळी जितकी मोठी व नळी जितकी लांब तितका नेम अचूक, असा समज आड येतो. हा खेळ खर्चिक असल्याने हा गैरसमज शाळेला आणि पालकांना महागात पडू शकतो.

अंतर तसा अंतर्व्यास

नळीच्या पोकळीचा व्यास म्हणजे रायफलीचा अंतर्व्यास होय. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत १० मीटरसाठी ४.५ मिलिमीटरची एअर रायफल, ५० मीटरसाठी ५.६ मिलिमीटरची, म्हणजे 'पॉइंट टू-टू' रायफल आणि ३०० मीटरसाठी ८ मिलिमीटरपर्यंतची रायफल वापरली जाते. १० मीटरवरील लक्ष्याचा दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. सर्वांत सूक्ष्म ठिपका सर्वांत लहान छऱ्यानेच टिपला जातो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पॉइंट टू-टूची गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते. स्पर्धेच्या काडतुसात तिचा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा किंचित कमी ठेवतात. त्यामुळे ध्वनिवेगाची सीमा ओलांडताना बसणारा हिसका टळतो. पण अंतर वाढले की ही मंद व हलकी गोळी फार खाली येते आणि वाऱ्याने बाजूला ढळते. दूरच्या लक्ष्यासाठी वेगवान, लांबट व निमुळती गोळी लागते. तरीही ३०० मीटरवर अनेक स्पर्धक ८ ऐवजी ६ मिलिमीटरची रायफल पसंत करतात. कारण तिचा खांद्याला बसणारा धक्का सौम्य असतो.

नळी किती लांब?

दारूचा वायू गोळीला ढकलत असतो तोवरच नळीच्या लांबीने वेग वाढतो. पॉइंट टू-टूमध्ये हा जोर साधारण ४० ते ४५ सेंटिमीटरमध्येच सरतो. तरीही स्पर्धेच्या अनेक रायफलींची नळी ६५ ते ७० सेंटिमीटर असते. कारण नेम धरण्याच्या पुढच्या व मागच्या साइटमधील अंतर वाढले की चूक लवकर दिसते. आखूड नळीच्या टोकाला पोकळ नळकांडे जोडूनही हाच लाभ मिळविता येतो. उलट नळी लांब असली की गोळी तीत अधिक काळ राहते आणि तेवढा वेळ हात स्थिर ठेवावा लागतो.

हजार यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१४ मीटरच्या स्पर्धेत गणित बदलते. तेथे ७.६२ मिलिमीटरची सुमारे १० ग्रॅमची गोळी लक्ष्यापर्यंत ध्वनीहून वेगवान राहावी लागते. म्हणून ७६ सेंटिमीटरच्या आसपासची नळी उपयोगी पडते.

शाळांनी काय करावे?

विद्यार्थ्याचा आरंभ १० मीटर एअर रायफलीनेच व्हावा. उभे राहण्याची ढब, श्वासावरील ताबा आणि ट्रिगर हळुवार दाबणे हे सारे तिच्यावर शिकता येते. पॉइंट टू-टू व त्यापुढील रायफलींना १९५९ च्या शस्त्र अधिनियमाची बंधने लागू असून त्यांचा सराव मान्यताप्राप्त रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावयास हवा.

कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले, ते ५.६ मिलिमीटरच्या रायफलीने. प्रथम अंतर, मग स्पर्धेचा नियम, त्यानंतर खेळाडूची शरीरयष्टी आणि शेवटी खरेदी, हाच निवडीचा योग्य क्रम होय.