चालकरहित विमाने आणि त्यांच्या ओळखीचा प्रश्न

परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध आहे. अशा गावी आज ‘ड्रोन’ या नावाने ओळखले जाणारे चालकरहित विमान तीन निमित्तांनी येऊ शकते : पिकांवरील फवारणीसाठी, गावठाणाच्या मोजणीसाठी आणि यात्रेच्या चित्रीकरणासाठी. ही तिन्ही कामे उपयुक्त आहेत. परंतु विमान कोणाचे व कोणत्या कामाचे, हे जमिनीवरून पाहणाऱ्यास कळत नाही. या व्यवसायाच्या नियमनातील सर्वांत कठीण प्रश्न येथूनच उद्भवतो.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 2014 सालच्या ऑक्टोबरात जाहीर सूचना काढून अशा विमानांच्या नागरी वापरास मनाई केली. पुढे 2018 साली ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’ हे तत्त्व स्वीकारून मर्यादित वाट मोकळी करण्यात आली. मार्च 2021 मधील नियम उद्योगास जाचक वाटले, म्हणून त्याच वर्षीच्या ऑगस्टात ‘ड्रोन नियम, 2021’ अमलात आले. त्यांनी अर्जांच्या नमुन्यांची संख्या 25 वरून 5 वर आणली. मनाईकडून विश्वासाकडे असा हा सात वर्षांचा प्रवास होय.

या नियमांची रचना समजण्यास अवघड नाही. वजनानुसार पाच वर्ग केलेले आहेत. फवारणीची बरीचशी विमाने 2 ते 25 किलोग्रॅमच्या ‘लघु’ वर्गात मोडतात. आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे असे तीन भाग पाडले आहेत. हिरव्या क्षेत्रात सामान्यतः 400 फुटांपर्यंत उड्डाणास पूर्वपरवानगी लागत नाही. पिवळ्यात विमानतळ नियंत्रणाची, तर तांबड्यात केंद्र शासनाची अनुमती आवश्यक असते. प्रत्येक विमानास नोंदणी क्रमांक, व्यावसायिक चालकास प्रमाणपत्र आणि, अतिलहान ‘नॅनो’ वर्ग वगळता, तृतीय पक्षाचा विमा, या तीन अटी आहेत. नियमभंगास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

परंतु नोंदणी क्रमांक यंत्रावर असतो आणि यंत्र आकाशात असते. मोटारीचा क्रमांक रस्त्यावरील कोणासही वाचता येतो. 300 फुटांवरील विमानाचा वाचता येत नाही, आणि रात्री तर केवळ दिवे दिसतात. 2024 च्या पावसाळ्यात पुणे, बीड, धाराशिव आदी जिल्ह्यांच्या ग्रामीण भागांत रात्री अशी विमाने फिरताना दिसल्याच्या तक्रारी आल्या. ती चोरांनी टेहळणीसाठी सोडली असावीत, अशी वदंता पसरली आणि ठिकठिकाणी ग्रामस्थ गस्त घालू लागले. भीती खरी की खोटी, हे ठरविण्याचे कोणतेही साधन त्यांच्या हाती नव्हते. जो नियम पाळतो तो आणि जो पाळत नाही तो, हे दोघेही अशा वेळी सारखेच संशयित ठरतात.

यावर तांत्रिक उपाय आहे. विमानाने आपली ओळख व स्थान उड्डाणकाळी सतत प्रक्षेपित करावे, अशी अट अमेरिकेत घालण्यात आली असून 2024 च्या मार्चपासून तिची अंमलबजावणी कडक झाली. भारतीय नियमांतही असे संकेतयंत्र भविष्यात सक्तीचे करण्याचा अधिकार केंद्र शासनाकडे राखून ठेवलेला आहे. तसे केल्यास पूर्ततेसाठी किमान सहा महिन्यांचा अवधी द्यावा लागतो. अर्थात, संकेतयंत्राने किंमत वाढते, आणि घरी जुळविलेल्या यंत्रात ते असेलच असे नाही. म्हणजे हा उपाय आवश्यक असला, तरी पुरेसा नाही.

स्थानिक पातळीवरील एक तरतूद मात्र उपलब्ध आहे. पोलीस अधीक्षक वा तत्सम दर्जाचा अधिकारी एखादा प्रदेश जास्तीत जास्त 96 तासांसाठी तात्पुरते तांबडे क्षेत्र म्हणून घोषित करू शकतो. यात्रेच्या गर्दीत ती उपयोगी पडेल. वर्षभराच्या शेतीकामास तिचा उपयोग नाही. तेथे फवारणीचा दिवस, वेळ व नोंदणी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर आधी लावण्याची रीत पाडणे हाच सुलभ मार्ग दिसतो.

केंद्र शासनाने 2023 साली 15,000 महिला बचत गटांना ड्रोन पुरविण्याची योजना मंजूर केली. कर्ज आणि अनुदान यांच्या बळावर ज्या स्त्रिया या व्यवसायात उतरतात, त्यांच्या यंत्राकडे गावाने संशयाने पाहिले तर तोटा त्यांचाच होतो. तात्पर्य, आकाशातील यंत्राची ओळख जमिनीवरील माणसास पटणे ही केवळ पोलिसांची गरज नसून या उद्योगाचीही ती पहिली गरज आहे.