मक्याला जमिनीच्या वर मुळं का फुटतात?

मक्याच्या ताटाचा बुंधा नीट पाहिलात, तर जमिनीच्या वर, खालच्या पेराभोवती जाड, लालसर मुळांचं कडं दिसतं. हा रोग नाही आणि माती वाहून गेल्यामुळे मुळं उघडी पडलेली नाहीत. ही आहेत आधारमुळं. वादळी पावसात पीक उभं राहणार की आडवं होणार, हे बऱ्याच अंशी त्यांच्यावर ठरतं.

ही मुळं येतात कुठून?

बी रुजताना निघालेली मुळं रोपाला सुरुवातीचे काही आठवडे सांभाळतात. त्यानंतर खोडाच्या पेरांमधून नवी मुळं फुटतात. गहू आणि भातात ती प्रामुख्याने जमिनीखालच्या पेरांतून येतात. मका आणि ज्वारीत मात्र जमिनीवरच्या पेरांतूनही येतात. ती तिरपी खाली वाढतात आणि मातीत शिरली की त्यांना बारीक उपमुळं फुटतात. मग ती पाणी आणि अन्नद्रव्यंही शोषू लागतात.

आधार कसा मिळतो?

मांडवाच्या खांबाला चारही बाजूंनी तिरके टेकू द्यावेत, तसं हे काम चालतं. जमिनीच्या सर्वांत जवळचं कडं सर्वाधिक आधार देतं. मातीपर्यंत न पोहोचलेलं मूळ टेकू देऊ शकत नाही. म्हणूनच मक्याच्या बुंध्याला मातीची भर देतात.

पीक आडवं झालं तर?

कोवळं ताट वाकून पुन्हा वर येऊ शकतं. पण दाणे भरताना पीक लोळलं, तर कणीस ओल्या मातीला टेकतं, बुरशी लागते, उंदरांचं फावतं आणि काढणीही अवघड होते. हातातोंडाशी आलेला घास जातो तो असा.

हवेतली मुळं आणखी काही करतात का?

मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातल्या सिएरा मिखे भागात मक्याचं एक स्थानिक वाण आहे. त्याच्या हवेतल्या मुळांतून गोडसर, चिकट द्रव पाझरतो. त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, हे वाण आपल्या गरजेचा 29 ते 82 टक्के नायट्रोजन अशा प्रकारे हवेतून मिळवतं. हा गुण इतर वाणांत आणता आला, तर युरियाचा खर्च कमी होऊ शकतो. पिढ्यानपिढ्या हे वाण जपलं ते तिथल्या स्थानिक शेतकऱ्यांनी.