लेप्-टो-स्पाय-रो-सिस, बोला बिनधास्त!

२६ जुलै २००५ च्या पावसाने आपल्या कल्याण-डोंबिवलीकरांना एक नवा शब्द दिला : लेप्टो. पूर्ण नाव घ्यायची वेळ आली की मात्र सगळे गप्प! माझी मावशी अजूनही डॉक्टरांना 'तो उंदरांचा ताप' असंच सांगते. चालतं म्हणा. पण हा ताप तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर बहुतेकदा ५ ते १४ दिवसांनी चढतो. तोवर आपण ते पाणी विसरलेलो असतो. अशा वेळी आपणच नाव घेतलं, तर 'पायाला जखम होती का?' हा डॉक्टरांचा प्रश्न लवकर येतो.

आणि हे शब्द वाटतात तेवढे अवघड नसतात, बॉस! लोकलच्या डब्यांसारखे जोडलेले असतात, इतकंच. लेप्टो म्हणजे बारीक, स्पायरा म्हणजे वेटोळं, ओसिस म्हणजे आजाराची अवस्था. सगळे ग्रीक. मायक्रोस्कोपखाली तो जंतू दिसतोही तसाच, बारीक आणि वेटोळ्यांचा.

गंमत अशी की अर्थाचा सांधा एकीकडे आणि जीभ तोडते दुसरीकडे. अर्थाने स्पायर आणि ओसिस, पण बोलायचं स्पाय-रो-सिस, जोर 'रो'वर. हेलिकॉप्टरचं बघा ना. मूळ तुकडे हेलिको (मळसूत्र) आणि प्टर (पंख). सगळ्या जगाने तो 'हेलि-कॉप्टर' असा तोडला, म्हणून तर हेलिपॅड आलं!

आपली लिपी इथे थोडी फसवते. 'प्टो' एकत्र लिहितो म्हणून 'ले-प्टो' वाचावंसं वाटतं. शाळेत वृत्तं शिकवताना बाई काय सांगायच्या? जोडाक्षराचा आघात आधीच्या अक्षरावर. म्हणजे लेप्-टो. झालं!

आता स्टेशनबाहेरच्या पाट्यांवरचा सगळ्यात छळवादी शब्द : ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट, म्हणजे आपले डोळ्यांचे डॉक्टर. ऑफ-थॅल-मॉ-लॉ-जिस्ट, जोर 'मॉ'वर. कुणी 'ऑप्थॅल' म्हटलं की कॉन्व्हेंटवाले हसतात. हसू देत. प्राचीन ग्रीकमधला हा 'फ' आपल्या 'फळ'मधल्यासारखा, दोन्ही ओठ मिटून म्हणायचा होता. दात ओठावर टेकवायची फॅशन नंतरची. आणि इंग्रजी डिक्शनऱ्यांमध्ये आता 'ऑफ' आणि 'ऑप' दोन्ही सापडतात.